फोमचं माप चुकीचं, आणि उत्तर मिळतं : "हवा भरून बघा"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रिमोटवर चालणाऱ्या, दगडांवर चढणाऱ्या छोट्या क्रॉलर गाडीच्या १.९ इंची रिमच्या टायरसाठी घेतलेले चार फोम पाकिटावरच्या मापाचे नसल्याबद्दल

तुमच्या ग्राहक सेवेचा चौथा फोन आत्ता ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. आधीच्या तीन फोनची तुमच्याकडे नोंदच नाही, हे आज कळलं. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

पाकिटावर छापलंय : बाहेरचा व्यास १२० मिमी, दोन थर, आतला घट्ट आणि बंद छिद्रांचा, बाहेरचा मऊ. आत निघाला एकाच थराचा फोम. सगळीकडे सारखाच मऊ, आणि व्यास ९८ मिमी. मोजण्यात माझी चूक झाली असेल, असं तुमच्या माणसांनी दोनदा सुचवलं. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं लेथवर काम करतो. फोम व्हर्नियरच्या, म्हणजे माप घ्यायच्या पट्टीच्या, जबड्यात धरला की दबतो, एवढं मला कळतं. म्हणून चारही फोम आलेख कागदावर ठेवले, कडेकडेने पेन्सिल फिरवली आणि मग व्यास मोजला. ९८, ९८, ९७, ९९. कागद सोबत जोडलेत.

या टायरमध्ये हवा नसते, गाडीचं वजन फोमच पेलतो, हे तुम्हाला सांगायला नको. मऊ थरामुळे टायर दगडाला बिलगतो, आणि आडव्या उतारावर टायरची बाजू दुमडू नये म्हणून आत घट्ट थर असतो. तुमच्या फोमवर बसवलेला टायर अंगठ्याने दाबला, तर रबर आधी पोकळीत जातं, मग कुठे फोम हाताला लागतो.

रविवारी सकाळी यवतेश्वरच्या घाटाकडे, आम्ही नेहमी जातो त्या काळ्या कातळावर गाडी आडवी घातली. खालच्या अंगाचे दोन्ही टायर रिमखाली दुमडले, रिम दगडाला घासली आणि गाडी चार कोलांट्या खाऊन खाली आली. स्टिअरिंगच्या सर्व्होचे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचे, दात गेले. त्याआधीच्या आठवड्यात माहुलीला, संगमाजवळच्या खडकांत, रिमच्या भोकातून पाणी आत गेलं होतं. थोडं पाणी जातंच, पण आतला थर बंद छिद्रांचा असता तर त्याने पाणी धरलं नसतं. घरी येऊन एक चाक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ते सत्तर ग्रॅमने जड भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिळलं की पाणी येत होतं.

आता आजचा फोन. सगळं ऐकून घेतल्यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "सर, टायरमध्ये हवा किती ठेवता?" मी म्हणालो, यात हवा भरत नाहीत, आतली हवा बाहेर जावी म्हणून रिमला भोक दिलेलं असतं. त्यावर तो म्हणाला, "सर, भोक असेल तर ते पंक्चर आहे, पंक्चर वॉरंटीत येत नाही. एकदा पंपाने हवा भरून बघा." तुमच्याच कंपनीची रिम, तुमच्याच कारखान्यात पाडलेलं भोक, आणि ते पंक्चर! वरिष्ठांशी बोलू द्या म्हटलं, तर अकरा मिनिटं गाणं ऐकवलं. परत आला आणि विचारतो, "गाडी मुलाची आहे का सर? मुलं आपटतात, मग असं होतं." ही गाडी मी गिअरपासून एक एक भाग जमवून उभी केली आहे. माझा मुलगा नववीत आहे, आणि बीडलॉकची, म्हणजे टायरची कड रिमवर दाबून धरणारी, रिंग कशी आवळायची हे त्याला तुमच्या माणसापेक्षा नीट येतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे, नाहीतर रिंग एका बाजूला चढते आणि टायरची कड निसटते. बाहेरच्या रिंगला आठ बोल्ट, चार चाकांचे बत्तीस. दीड मिमीच्या अ‍ॅलन कीने आम्ही दोघांनी ते तीन वेळा खोलले आणि आवळले. दोन बोल्टांची डोकी गोल झाली.

शेवटी सांगितलं काय, तर पाकीट फोडलंय म्हणून माल परत घेता येणार नाही. पाकीट न फोडता फोम टायरमध्ये बसवायचा कसा? आणि १२० छापून ९८ चा माल दिलात, तो दोष पाकीट फोडणाऱ्याचा कसा?

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं, हेही त्यातच आहे. माझ्या पहिल्या तक्रारीला आज तेवीस दिवस झाले, पोच आलेली नाही. महिना भरला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवणार आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फी पडत नाही. एक दिवसाचा पगार बुडाला तरी चालेल, पण मी जाणार.

खरं वाईट वाटतं ते वेगळंच. चार वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच घेतलेले टायर आणि फोम अजून माझ्या दुसऱ्या गाडीवर आहेत. ते बघून, माझ्या शब्दावर, रविवारी येणाऱ्या तिघांनी तुमचा माल घेतला. परवा गाडी कोलमडली तेव्हा तिघंही तिथेच होते. त्यातला एक म्हणाला, मी पण हेच मागवलेत. मला काय बोलावं सुचेना.

मला पाकिटावर छापलेल्या मापाचे, दोन थरांचे चार फोम हवेत, आणि चुकीचे फोम तुमच्या खर्चाने परत न्या. सर्व्होच्या भरपाईचं काय करता, तेही लेखी कळवा. चारही चाकं खोलून टेबलावर ठेवलीत, बोल्ट स्टीलच्या वाटीत आहेत, तुमचे फोम पाकिटासकट बांधून ठेवलेत. कुरिअरवाला संध्याकाळी सहानंतर पाठवा, तोवर मी कामावर असतो.

तुमचा ग्राहक,
सातारा