अण्णांना आता सांगणं पुरे

पुणे, ६ जानेवारी

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

पोहोचल्याचा फोन केलाच होता. पण जे बोलायचं होतं ते फोनवर होईना, आणि नाताळात घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून लिहितेय. विषय शेजारच्या अण्णांचा आहे. बाबा, त्यांना ख्रिस्ताबद्दल सांगणं आता थांबवा. आणि त्यांच्याकडे जाणं-येणं पुन्हा सुरू करा. दोन्ही एकदमच सांगतेय, कारण तुम्ही पहिलं थांबवाल आणि दुसरं सुरूच करणार नाही अशी मला भीती आहे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले होते. दार उघडल्यावर अण्णांनी आधी माझ्या मागे पाहिलं, तुम्ही आलायत का ते. मी एकटीच आहे कळल्यावर आत बोलावलं, पाणी दिलं. मग काकूंच्या फोटोखालच्या कपाटातून तुम्ही दिलेला नवा करार काढून माझ्या हातात ठेवला. त्याला त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलंय. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून सातव्यापर्यंत बारीक पेन्सिलीच्या खुणा आहेत, योहानात एके ठिकाणी एसटीचं तिकीट घातलंय. म्हणाले, "पोरी, मी हे सगळं वाचलंय. येशूबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माझा विठोबा मी सोडायचा नाही. हे तुझ्या वडिलांना मी सांगितलंय. त्यांच्या कानी जात नाही."

बाबा, अण्णांनी पुस्तक नीट वाचलं, त्यावर विचार केला आणि स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं. तुमच्या साक्षीला याहून जास्त मान कुणी द्यायचा? धर्मप्रचाराच्या पत्रिका घेऊन न वाचता रद्दीत टाकणारे तुम्हाला आयुष्यभर भेटले. तुमचं संपूर्ण ऐकून घेणारा हा एकच, आणि आता तोच सकाळी फिरायला जायची वेळ बदलतोय, तुम्ही दिसू नयेत म्हणून.

तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला पहारेकरी. त्याने रणशिंग फुंकलं नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याच्याकडे मागितला जाईल. काकू गेल्यापासून तर हा अध्याय तुम्हाला झोपू देत नाही, असं आई सांगत होती. पण तोच ३३वा अध्याय पुन्हा वाचा. रणशिंग वाजलं, ऐकणाऱ्याने ऐकलं, तरी त्याने आपल्या मनाप्रमाणे केलं, तर पुढचं त्याच्या माथी. पहारेकऱ्याचं काम तिथे संपलं. त्याने लोकांच्या घरात शिरून त्यांना हाताला धरून ओढावं, असं त्या अध्यायात कुठेच नाही. तुम्ही रणशिंग फुंकलंत, बाबा. पुष्कळ वेळा फुंकलंत.

आणि तुमचा दुसरा मुद्दा, कुणी सांगितलंच नसतं तर आपलं घराणं आज कुठे असतं? पण पणजोबांची हकिकत तुम्हीच आम्हाला सांगितलीत. नाशिकजवळ शरणपूरला ख्रिस्ती मिशनची वसाहत १८५४ साली उभी राहिली, पणजोबा तिथे पोहोचले ते कितीतरी नंतर, दुष्काळात, उपाशी. त्यांना भाकरी मिळाली, काम मिळालं, आणि बराच काळ कुणी काही विचारलं नाही. मग त्यांनीच एके दिवशी विचारलं, "तुम्ही लोक आमच्यासाठी हे का करता?" तिथून सुरुवात झाली. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हेच तर आहे. तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. अण्णांनी एकेकाळी विचारलं होतं. प्रेसमध्ये दोघं एकाच डब्यातलं जेवायचात तेव्हा. आता ते विचारत नाहीत.

हॉस्पिटलमधलं मला लिहायलाच हवं. पहिल्या दिवशी तुम्ही काकूंसाठी प्रार्थना करू का म्हणून विचारलंत, त्यांनी हात जोडले, अण्णाही उभे राहिले. ते सुंदर होतं. पण नंतर काकूंच्या हाताला सलाईन, बोलायचं त्राण नाही, आणि तुम्ही खुर्ची जवळ ओढून तारणाबद्दल समजावत होतात. मार्काच्या शुभवर्तमानात तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो. प्रभूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं लिहिलंय, आणि त्याला जाऊ दिलं. मागे कुणाला पाठवलं नाही. काकूंना उठून जाता येत नव्हतं, बाबा. ज्याला उठून जाता येत नाही त्याला ऐकवू नये. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि यात मी मागेपुढे होणार नाही.

आई, हे तुलाही लागू आहे. धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंच्या पगाराच्या पाकिटात तू पत्रिका घालतेस. तुझा हेतू मला ठाऊक आहे, तिच्या मुलीच्या फीचे पैसे तू कसे भरतेस तेही ठाऊक आहे. पण पत्रिका परत करायची तर तिला आधी तुझ्या पैशांचा विचार करावा लागेल. पाकिटात फक्त पगार असू दे. तिने आपणहून विचारलं तर मग सांग, बसवून, चहा देऊन सांग.

आपल्या संविधानाच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, तो मी कुणापुढेही सोडणार नाही. सुप्रीम कोर्टाने १९७७ साली सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. त्या निकालावर मंडळीत किती वाद होतात ते मला माहीत आहे. पण कोर्टाचं राहू दे. कुणाचं मन वळवणं आपल्या हातात आहे, असं पौलसुद्धा म्हणत नाही. त्याने रोप लावलं, त्याचा सहकारी अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवत गेला तो देव.

तुम्हाला कवी रेव्हरंड ना. वा. टिळक फार प्रिय, म्हणून तेही लिहिते. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, त्यांच्याबरोबर नव्हत्या. दोघं काही काळ वेगळी राहिली. एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं चालू होतं, आणि एवढ्या तापट माणसाने ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. अण्णांचंही असंच होईल म्हणून गप्प बसा, असं मात्र मी म्हणत नाही. गप्प बसण्याचाही डाव करता येतो, आणि अण्णांना तो लगेच कळेल. त्यांचं कधीच बदलणार नाही असं धरून चाला, आणि तरीही त्यांच्याकडे जा.

ऐकलं नाही म्हणून पायांची धूळ झटकून निघून जायचं मनात आणू नका. येशूची ती आज्ञा गावोगाव चालत निघालेल्या शिष्यांना होती. तुम्ही कुठे निघालायत? तुमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. प्रार्थना कितीही करा. पहाटे उठून अण्णांचं नाव घेऊन करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त ती केल्याचं त्यांना सांगू नका.

आणि काकूंचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. तुम्ही नाही गेलात तर अण्णांना वाटेल की इतकी वर्षं आपल्याशी मैत्री होती ती आपण बदलावं म्हणूनच होती. जाऊन बसा. पानावर काय घ्यायचं, काय नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याबद्दलचा, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे. काकू गेल्या त्यावर तुम्ही दोघं अजून एकदाही धड बोललेला नाहीत. त्यांच्या हातच्या मासवडीबद्दल बोला, प्रेसच्या दिवसांबद्दल बोला.

आणखी एक. पौष वद्य एकादशीला अण्णांना निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला जायचंय. दरवर्षी दिंडीबरोबर चालत जायचे, यंदा गुडघ्यांमुळे जमणार नाही. मी दादाशी बोललेय, तो गाडी घेऊन येईल. त्यांना एकट्याला पाठवू नये असं मला वाटतं. तुम्ही बरोबर जा, देवळात जायचं नसेल तर बाहेर थांबा. त्र्यंबकला पहाटे फार गारठा असतो, कानटोपी आणि जाड स्वेटर दोघांसाठीही घ्या, अण्णांचा स्वेटर कोपराला फाटलाय.

आईची शुगर तपासून मला रिपोर्ट पाठवा.

तुमची,
ताई