आई-बाबा, त्या कॅप्सूल अजून उघडू नका

प्रिय आई-बाबा,

बाबांचे रिपोर्ट पाहिले. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलीये, म्हणजे डायबेटिस नाही पण ५.७ च्या वर प्रीडायबेटिसच, आणि पोटाचा घेर १०४ सेंटीमीटर, आपल्याकडच्या पुरुषांना ९० पर्यंतच ठेवा म्हणतात. इन्सुलिन भरपूर बनतंय, शरीर त्याला दाद देत नाहीये, एवढंच.

आई, काकूंनी दिलेल्या दारुहळदीच्या कॅप्सूल, त्या बर्बेरीन नावाचा घटक असलेल्या, "झाडपाल्याचंच आहे, काय होतंय" म्हणून सुरू करू नकोस गं. त्याने साखर थोडी उतरते असं काही अभ्यासांत दिसलंय, पण बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे आणि बर्बेरीनमुळे काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. झाडपाल्याचंच कौतुक असेल तर बाबांच्या साखरेच्या गोळीचं, मेटफॉर्मिनचं मूळ पण गॅलेगा नावाच्या एका झाडातच आहे, फक्त तिचा डोस ठरलेला आहे, डब्यातल्या कॅप्सूलचा देव जाणे. मेथ्या भिजवून चमचाभर खा, त्याला माझी ना नाही, पोट फुगलं तर बंद करा. दालचिनीची पावडर मात्र चमचे भरभरून नको, बाजारात बहुतेक कॅसिया जातीची मिळते आणि जास्त झाली की लिव्हरला त्रास.

आता खरं काम पायांचं. स्नायू हलले की ते इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर आत ओढतात, म्हणून जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर न बसता दोघांनी पंधरा मिनिटं गल्लीत फिरायचं. बाबा, तुमचं सकाळचं फिरणं मला माहितीये, निम्मा वेळ कट्ट्यावर राजकारण! आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चाला, गप्पांचा वेळ त्यात धरायचा नाही. व्यायामाचा असर एक-दोन दिवसच टिकतो त्यामुळे रविवारी एकदम दोन तास चालून भागत नाही, सलग दोन दिवस खाडा नकोच. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-दहा वेळा करा, मांडीचे स्नायू सगळ्यात मोठे, साखर तिथेच जास्त खपते. आई, तुझा गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंच कर.

वजनाचं एकदम टेन्शन घेऊ नका, ९२ वरून ८६-८७ झालं तरी रिपोर्टमध्ये फरक दिसतो.

कॅप्सूलच्या डब्याचा मागचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका आणि पुढच्या व्हिजिटला तो डबा डॉक्टरांसमोर ठेवा, बाबा लपवतील म्हणून आई तूच पिशवीत घाल.

तुमची,
चिंगी