धावणाऱ्याने आधी घड्याळाची बटणे पाहावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

धावण्यासाठीच्या घड्याळांविषयी आपल्या पुरवणीत नुकताच आलेला लेख वाचला. त्यातील माहिती चुकीची नाही. परंतु ज्या घड्याळात अधिक सेन्सर ते अधिक चांगले, असा त्याचा एकंदर सूर आहे, आणि ज्या कामासाठी धावणारा माणूस मनगटाला घड्याळ बांधतो, त्या वेळ मोजण्याच्या कामाला त्यात जेमतेम एक ओळ मिळाली आहे. अनेक वर्षे नियमित धावणारा एक वाचक म्हणून त्या ओळीत थोडी भर घालावीशी वाटते.

समजा, 400 मीटरच्या आठ फेऱ्या जोरात मारायच्या आहेत आणि दोन फेऱ्यांमध्ये 90 सेकंदांची विश्रांती आहे. या सरावासाठी घड्याळाकडून दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे प्रत्येक फेरीचा वेळ वेगळा नोंदवून तो नंतर पाहता यावा. ‘स्प्लिट’ आणि ‘लॅप’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण स्प्लिट म्हणजे आरंभापासून त्या क्षणापर्यंतचा वेळ आणि लॅप म्हणजे केवळ त्या फेरीचा. कॅसिओचे 1989 सालचे एफ-91डब्ल्यू हे छोटे घड्याळ आजही लोकप्रिय आहे आणि ते स्प्लिट दाखवते. मात्र फेऱ्यांचे वेळ साठवून ठेवत नाही, त्यामुळे आठव्या फेरीनंतर तिसरीचा वेळ आठवायचा तो आपणच. दुसरी गोष्ट म्हणजे विश्रांतीचा उलटा मोजणारा टायमर, जो संपल्यावर आपोआप पुन्हा सुरू व्हावा, आणि शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या अवधींचा आळीपाळीने. 20 सेकंद जोर आणि 10 सेकंद उसंत अशा आठ आवर्तनांचा, अवघ्या चार मिनिटांचा तबाता व्यायाम एकच अवधी मोजणाऱ्या टायमरवर नीट होत नाही. अर्धे लक्ष बटणांत गुंतून राहते.

बटणांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या बोटांना केवळ स्पर्शावर चालणारा पडदा अनेकदा दाद देत नाही, आणि दम लागलेला असताना पडद्यावरच्या चिन्हांत लॅपची खूण शोधणे म्हणजे शिक्षाच. न पाहता चाचपून सापडेल आणि दाबले गेल्याचे बोटाला कळेल, असे स्वतंत्र लॅप बटण असलेले साधे घड्याळ मी केव्हाही पसंत करीन. आकडे मोठे हवेत आणि इशारा कंपनानेही मिळावा, कारण वर्दळीत बारीक शिट्टी ऐकू येत नाही. शंभरांश सेकंदांचे मात्र फार कौतुक नको. ट्रॅकवरील शर्यतींत हाताने घेतलेली वेळ नियमांनुसार पुढच्या दशांशाला नेऊन नोंदवतात, कारण अंगठ्याची चूक शंभरांशापेक्षा कितीतरी मोठी असते.

उपग्रहांच्या साहाय्याने अंतर मोजणारी घड्याळे उपयुक्त आहेत, यात शंका नाही. मोकळ्या रस्त्यावरच्या लांब धावेला त्यांच्यासारखा सोबती नाही. पण त्यांचे अंतर काही मीटर इकडेतिकडे होते. उंच इमारतींवरून संदेश परावर्तित झाले की आणखी बिघडते, आणि ट्रॅकच्या वळणांवर तर हमखास घोळ होतो. म्हणून ट्रॅकवर आपोआप पडणारे लॅप बंद ठेवून रेषेवर स्वतः बटण दाबावे. मॅरेथॉनमध्ये घड्याळाने 42.195 किलोमीटरऐवजी अधिक अंतर दाखवले की आयोजकांनी मार्ग चुकीचा आखला, अशी तक्रार ऐकू येते. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या मोजणी यंत्राने, वळणांवर शक्य तितक्या जवळून जात मोजलेला असतो, आणि तो कमी भरू नये म्हणून त्यात हजारी एक, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे 42 मीटर, जास्तीचे धरलेले असतात. गर्दीत आपण वळणे बाहेरून घेतो आणि नागमोडी धावतो. शिवाय घड्याळाची स्वतःची चूक त्यात मिसळते. अशा वेळी किलोमीटरच्या पाट्यांपाशी हाताने लॅप घेणारा धावपटू पडद्यावरच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या पेसमागे, म्हणजे दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या आकड्यामागे, धावणाऱ्यापेक्षा आपली गती अधिक अचूक जाणतो.

हृदयाच्या ठोक्यांबाबतही लेखात सावधगिरीचा एखादा शब्द हवा होता. मनगटावरचा सेन्सर हिरव्या प्रकाशाने त्वचेखालील रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो. पट्टा सैल असेल किंवा हात गार पडले असतील तर तो चुकतो, आणि कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचीच लय मोजत बसतो. अर्ध्या-एक मिनिटाच्या जोरदार फेरीत त्याचा आकडा वाढेपर्यंत फेरी संपलेलीही असते. हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा छातीचा पट्टा या कामी बराच भरवशाचा आहे. 220 मधून वय वजा करून मिळणारी ठोक्यांची कमाल मर्यादा ही ढोबळ सरासरी आहे. प्रत्यक्षात माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे घड्याळाने त्यावर बेतलेले, व्यायामाचा जोर दाखवणारे ठोक्यांचे रंगीत टप्पे प्रमाण मानू नयेत.

जाता जाता पाण्याविषयी. घड्याळावर 50 मीटर लिहिले म्हणजे ते तितके खोल नेता येते असे नव्हे. तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. पोहायला ते चालेल, 30 मीटरचे मात्र शिंतोड्यांपुरतेच समजावे.

यापुढे अशा घड्याळांचे परीक्षण छापताना लॅप बटण वेगळे आहे का, किती फेऱ्या साठवल्या जातात, टायमर आपोआप पुन्हा सुरू होतो का आणि उपग्रहमापन चालू ठेवून बॅटरी किती तास टिकते, एवढी माहिती तरी प्रत्येक घड्याळासोबत द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक धावणारा वाचक