‘पीत होते का हो?’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या आप्पांच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ दिवाळीनंतर ऑपरेशन करून काढली, वय 71. भेटायला येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढता आईला हळूच विचारायचा, ‘पीत होते का हो?’ आप्पा माळकरी, आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि आई दरवेळी तेच सांगत बसायची, अपराधी असल्यासारखी.

खरं काय ते त्यांच्या फायलीत होतं. वीस वर्षांची शुगर, पोट सुटलेलं, आणि आठ वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, खाली बारीक अक्षरात ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेली. तेव्हा दवाखान्यात सांगितलं, हे आता सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी करा. रिपोर्ट पिशवीत गेला तो गेलाच, नंतर एकदाही लिव्हर कुणी बघितलं नाही, शुगर मात्र दर तीन महिन्यांनी तपासली.

सर्जन म्हणाले, पूर्वी आमच्याकडे बी किंवा सी कावीळवाले नाहीतर दारूवाले जास्त यायचे, आता शुगर आणि वजनवाले पण यायला लागलेत, आणि वयही जास्त असतं. हे नुसतं आपल्याकडेच नाही. जपानमध्ये एकेकाळी लिव्हर कॅन्सरचे बहुतेक पेशंट हिपॅटायटिस सी चे, म्हणजे त्याच सी काविळीचे असायचे, आता तिथे बी पण नाही आणि सी पण नाही अशा पेशंटचा वाटा वाढलाय. या बी-सी च्या विषाणूंवर माणसाने खरंच मोठं काम केलंय हो, तैवानने 1984 पासून बाळांना बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर कमी झाला, सी तर आता साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 पासून सरकारी कार्यक्रमात ती औषधं फुकट मिळतात. बी अजून आपल्याकडे भरपूर आहे, ती लस चुकवू नकाच.

पण तपासणीत बी-सी सापडलेल्यांना किमान माहीत असतं की आपल्याला धोका आहे. सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलेलं असेल तर डॉक्टर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला लावतात, गाठ लहान असतानाच सापडू शकते. फॅटी लिव्हरवाल्याला कोण सांगणार? त्यात काहींना सिरोसिस नसतानाही कॅन्सर होतो, म्हणजे त्या तपासणीच्या यादीत नावच येत नाही. आप्पांची गाठ सापडली तेव्हा 9 सेंटीमीटरची होती, ती पण कंबरदुखीसाठी केलेल्या स्कॅनमध्ये. लिव्हरचा बाकीचा भाग बरा होता म्हणून उजवीकडचा एवढा मोठा तुकडा काढता आला, लिव्हर परत वाढतं ना, पण ते आधीच कडक झालेलं असतं तर ऑपरेशनच झालं नसतं.

केंद्राने 2021 मध्येच फॅटी लिव्हरला मधुमेह-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय. मग शुगरवाल्यांचे डोळे आणि पाय तपासता तसं लिव्हरही तपासा की. वय, प्लेटलेट आणि रक्तातले लिव्हरचे दोन आकडे एवढ्यावर एफआयबी-4 नावाचा स्कोअर निघतो, साध्या रक्त तपासणीत होतं, स्कोअर जास्त आला तर पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. तुमच्या आरोग्य पानावर हे एकदा सविस्तर छापा, मोठ्या टायपात, आमच्याकडे पेपर आप्पाच वाचून दाखवतात.

आपली,
एक वाचक, सांगली