टायमरचे चुकीचे वर्णन आणि ‘ड्रायव्हरमध्ये बदल करा’ हे उत्तर

प्रति,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय : बोर्डासोबत दिलेल्या डिव्हाइस ट्री फाइलमधील टायमरच्या चुकीच्या नोंदी

महोदय,

आपला मायक्रोकंट्रोलर बोर्ड मी गेले तीन आठवडे वापरते आहे. चिपबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या चिपची कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, ओळख करून देणाऱ्या डिव्हाइस ट्री फाइलबद्दल, आणि त्याहून जास्त, आपल्याकडून आलेल्या दोन ओळींच्या उत्तराबद्दल.

मी स्वतः एक छोटे कर्नल लिहिते. टायमर कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला कोणते क्लॉक (मोजणीचे ठोके) मिळते, इंटरप्ट (हातचे काम थांबवायला लावणारा इशारा) कोणता, हे सगळे ते आपल्या डिव्हाइस ट्रीमधून वाचते. पहिल्या चाचणीत एका टास्कला (कर्नलवर चालणाऱ्या एका कामाला) दहा सेकंद झोपवले आणि हातात स्टॉपवॉच धरले. टास्क पाच सेकंदांत जागा झाला. आधी वाटले, माझेच बोट चुकले. पुन्हा केले, पुन्हा पाचच. अशा वेळी माणूस आधी स्वतःचाच कोड तपासतो. मीही दोन रात्री तेच केले.

कारण आपल्याच मॅन्युअलमधल्या क्लॉकच्या आकृतीत सापडले. मुख्य क्लॉक १६८ मेगाहर्ट्झ, त्याला ४ ने भागून, टायमरसारखे भाग जिला जोडलेले असतात त्या पेरिफेरल बसला ४२ मेगाहर्ट्झ मिळतात. पण बसचा भाजक १ नसेल तर टायमरला बसच्या दुप्पट क्लॉक जाते, म्हणजे ८४ मेगाहर्ट्झ. आपल्या फाइलमध्ये टायमरच्या नोडला (नोंदीला) थेट बसचे क्लॉक जोडलेले आहे. माझ्या कर्नलने त्यावर विश्वास ठेवला, १ मेगाहर्ट्झ मिळावा म्हणून प्रीस्केलर (क्लॉक भागून मंद करणारा भाग) ४२ च्या भागाकारावर लावला, आणि प्रत्यक्षात टायमरचा काउंटर २ मेगाहर्ट्झने धावू लागला. कर्नलपुरता एक सेकंद म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा अर्धा.

मग हे आपल्या लक्षात कसे आले नाही? आपला नमुना ड्रायव्हर (टायमर चालवणारा कोड) उघडला तेव्हा उलगडा झाला. त्यात क्लॉकचा वेग वाचल्यावर गुपचूप ‘गुणिले दोन’ केले आहे, शेजारी टिप्पणीसुद्धा नाही. फाइल चूक, ड्रायव्हर चूक, आणि दोन चुका मिळून घड्याळ बरोबर! आपल्या प्रयोगशाळेत सगळे सुरळीत दिसणारच.

दुसरा प्रकार याहून वाईट. पहिला टायमर पीडब्ल्यूएमसाठी (कमी-जास्त रुंदीचे स्पंद पाठवण्यासाठी) मोकळा करावा म्हणून मी वेळमोजणी दुसऱ्या टायमरवर हलवली. मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे हा टायमर १६ बिटांचा आहे. आपल्या फाइलमध्ये मात्र त्याची रुंदी ३२ लिहिली आहे. पहिल्या टायमरचा नोड उचलून फक्त पत्ता बदललेला स्पष्ट दिसतो. १ मेगाहर्ट्झवर १६ बिटांचा काउंटर दर ६५.५३६ मिलिसेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. कर्नल नव्या वाचनातून जुने वाचन वजा करते आणि उत्तर सांगितलेल्या रुंदीत बसवते. रुंदी ३२ सांगितली असली की प्रत्येक फेरीला सुमारे ७१ मिनिटे ३५ सेकंदांची उडी बसते. एका खऱ्या सेकंदात माझ्या लॉगमधली वेळ अठरा तासांहून जास्त पुढे गेली. गजराचेही तेच : १०० मिलिसेकंदांसाठी तुलना-रजिस्टरमध्ये (काउंटर ज्या आकड्याला पोचला की इंटरप्ट येतो, तो आकडा ठेवण्याच्या जागी) १,००,००० टिक पुढचा आकडा लिहायचा, वरचे बिट रजिस्टर टाकून देते, आणि इंटरप्ट ३४.४६४ मिलिसेकंदांनीच येऊन धडकतो. कुठेही एरर नाही, कसलीही सूचना नाही.

त्याच नोडमध्ये तुलनेच्या इंटरप्टची वेगळी लाइनही द्यायची राहिली आहे. ती मॅन्युअलमधून शोधून मीच घातली. त्याबद्दल वाद घालत नाही.

हे सगळे कळवल्यावर उत्तर आले : ‘कृपया आपल्या ड्रायव्हरमध्ये योग्य तो बदल करावा.’ हे उत्तर मला मान्य नाही. डिव्हाइस ट्री सांगते ते हार्डवेअरबद्दल, एखाद्या ड्रायव्हरच्या सोयीबद्दल नव्हे. ही वर्णनाची पद्धत ओपन फर्मवेअरच्या (संगणक सुरू करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) १९९४ च्या आयईईई १२७५ मानकापासून चालत आलेली आहे. आज लिनक्स ते वर्णन बूट होताना वाचते, झेफर ही छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम बिल्डच्या वेळीच त्याचे मॅक्रो (कोडमधली ठरावीक मूल्ये) करून टाकते, आणि माझ्यासारखी माणसे आपापल्या पद्धतीने वापरतात. प्रत्येकाने आत ‘गुणिले दोन’ लपवायचे, तर मग फाइल द्यायचीच कशाला?

दुरुस्ती करताना एक काळजी घ्यावी. फक्त फाइल बदलून नवी आवृत्ती पाठवलीत तर आपलाच ड्रायव्हर ८४ चे १६८ करेल, आणि आता जे ग्राहक सुखात आहेत त्यांचे घड्याळ निम्म्या वेगाने चालेल. ड्रायव्हर तेवढा बदलला तर जुनी फाइल असलेले बोर्ड बिघडतील. म्हणून दुरुस्त नोडला नवे कम्पॅटिबल नाव (ज्यावरून ड्रायव्हर नोड ओळखतो ते) द्यावे, जुन्या नावापुरतीच जुनी दुप्पट ड्रायव्हरमध्ये ठेवावी, आणि तिथे कारण लिहावे. ते नावही नेमक्या चिपचे आणि नेमक्या टायमरचे असावे. सध्या अख्ख्या चिप-कुटुंबाला शेवटी ‘एक्स’ लावलेले एकच नाव आहे, त्यामुळे १६ बिटांचा टायमर कोणता आणि ३२ चा कोणता हे कर्नलला नावावरून ओळखण्याची सोय उरलेली नाही.

सोबत लॉजिक अ‍ॅनालायझरच्या नोंदी, मॅन्युअलमधील संबंधित तक्त्यांचे पृष्ठ क्रमांक आणि मी दुरुस्त केलेली फाइल जोडली आहे. माझी फाइल जशीच्या तशी घेतलीत तरी हरकत नाही. मात्र दुरुस्त आवृत्ती कधी येणार ते तारखेसह कळवावे, आणि तोवर डाउनलोडच्या पानावर या दोन चुकांची सूचना लावावी. बोर्ड परत करण्याचा माझा विचार नाही.

आपली विश्वासू,
एक ग्राहक