तबेल्याच्या भिंतीला सिमेंट नको

संपादक महोदय,

जुन्या वाड्याच्या किंवा बंगल्याच्या मागच्या तबेल्यात कॅफे काढा, स्टुडिओ काढा, आमची हरकत नाही. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थला जेम्स पेनने बांधलेल्या अठराव्या शतकातल्या तबेल्यात आज उपाहारगृह आणि दुकाने आहेत. हरकत आहे ती सिमेंटच्या गिलाव्याला.

तबेल्याची भिंत राहत्या घराच्या भिंतीसारखी नसते. घोड्यांच्या मुतातले क्षार वर्षानुवर्षे जमिनीत आणि भिंतीच्या पायथ्याच्या दोन-तीन फुटांत मुरलेले असतात. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, वर लोणा (क्षारांची पांढरी पूड) दिसतो, तो कोरड्या कुंच्याने झाडला की भागते. सिमेंट थापले की ओल आत कोंडते. क्षार गिलाव्यामागेच साखळतात, फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. अशा गिलाव्यावर बोटाने टकटक करून पाहा, पोकळ वाजेल. त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात मारला तर ओल आणखी वर चढते. पैसे जातात ते वेगळेच.

सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढावे, ब्रेकर नको. विटांमधले सांधे इंचभर खोल मोकळे करावेत. क्षार ओढून घ्यायला कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून अर्धा इंच जाड लिंपावा (बोअरचे पाणी वापरले तर क्षार काढता काढता नवे घालाल), पूर्ण वाळला की सोलून फेकून द्यावा. असे दोन-तीनदा. मग नवा गिलावा: एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. थर अर्ध्या इंचाहून जाड नको आणि वर आठवडाभर ओले गोणपाट. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

फरसबंदीचा नालीकडचा उतार आणि छपराच्या आढ्याशी असलेले झरोके ठेवावेत. एसीसाठी ते बुजवले की भिंत वाळायची वाटच बंद होते.

गाडीखान्याचे, म्हणजे बग्ग्या ठेवायच्या जागेचे, नाव पुण्याच्या शुक्रवार पेठेत अजून ऐकू येते, पण त्याची रचना फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. तबेला आणि बग्गीची खोली यांच्यामध्ये भक्कम भिंत असे, कारण मुताच्या अमोनियाने बग्गीचे व्हार्निश आणि चामडे खराब होई. मोठा हॉल करायचा म्हणून आधी तीच भिंत पाडली जाते. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीलगत, तिरपे गोलसर दगड असतात. चाकाचा तुंबा (मधला बाहेर आलेला भाग) चौकटीला घासू नये म्हणून ते बसवलेले. पार्किंगला अडतात म्हणून ते उखडू नका. मोटारीचा बंपर वाचेल, पण चौकट मोडेल.

— जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत असलेले दोघे वाचक, पुणे