संग्राहकाच्या रकान्यात माझं नाव लिहिणाऱ्या काकांना

काका,

तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी "बरं बरं" म्हणून तुम्ही फोन ठेवून दिला असता. म्हणून जाहीरच लिहिते. परवा माझी एम.फार्म.ची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलंच विचारलं, "वनस्पतीची ओळख कुणी पटवली?" उत्तर पाठ होतं, तरी घसा दाटून आला.

आमच्याकडे कुणाला कावीळ झाली की आजी बांधावरची भुईआवळी उपटून आणायची, ठेचायची आणि रस ताकातून पाजायची. बरे झालेले सगळे तिच्या लक्षात असायचे. बरे न झालेल्यांची मोजदाद कोण ठेवतं? म्हणूनच मला हा विषय हवा होता. कार्बन टेट्राक्लोराइडने उंदरांच्या यकृताला इजा करायची आणि भुईआवळी ती किती थोपवते ते बघायचं.

"पाला बाजारातून आण, सगळे तेच करतात," असं मला सांगण्यात आलं. ही वनस्पती भुईआवळीच आहे अशा ओळखीच्या दाखल्यावर सहीही लगेच मिळाली, पुडी न सोडता! पाच गट, तीस उंदीर. सिलिमारिन हे यकृताचं ठरलेलं औषध दिलेला गट छान सावरला, म्हणजे मांडणीत खोट नव्हती. भुईआवळीच्या गटाचं एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा सांगणारा रक्तातला आकडा, मात्र चढलं ते चढलेलंच. यावर मिळालेला सल्ला असा: "आकडे जरा बघून घे." 'बघून घे'चा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले. कळला तेव्हा उरलेली पुडी पिशवीत घालून तुमच्याकडे, वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात आले.

पाठ तुटलेल्या खुर्चीवर बसून तुम्ही वर्तमानपत्रांत रोपं दाबत होता. साहेब रजेवर होते. "उद्या ये" म्हणाला असतात तरी मी काही बोलले नसते. तुम्ही चहाच्या किटलीतलं गरम पाणी बशीत ओतलं, त्यात चार-दोन काड्या टाकल्या आणि फळाच्या बुडाशी चिकटलेल्या पाकळ्या सुईने उलगडल्या. पुस्तकात त्यांना परिदलं म्हणतात. मग भिंग माझ्या हातात दिलंत. "मी नाही सांगणार, तूच मोज." सहा. दुसऱ्या फळाखालीही सहाच. "अमारसला पाच असतात, पोरी. ही फ्रॅटर्नस." म्हणजे माझ्या प्रबंधात भुईआवळी म्हणून अमारस, आणि पुडीत तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात. भारतातल्या वनस्पतिग्रंथांत 'फिलॅन्थस निरुरी' म्हणून नोंदलेली झाडं खरं तर अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जातींची आहेत, हे मित्रा आणि जैन यांनी १९८५ साली दाखवलं होतं. तुम्हाला ते तोंडपाठ. माझ्या दाखल्यावर सही करणाऱ्यांना ते ठाऊक नसावं, किंवा असून कंटाळा आला असावा.

प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मी मद्रासची १९८८ची चाचणी मोठ्या थाटात दिली होती. हिपॅटायटिस बीच्या वाहकांपैकी भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, आणि नुसती औषधासारखी दिसणारी पूड घेतलेल्या २३ जणांत एकाच्याच. पुढे इतरांच्या चाचण्यांत तसं उतरलं नाही. तो वाद मी पाठ केला होता. पण नाव एक आणि पुडीत झाड दुसरं असा घोळ माझ्याच पिशवीत निघेल, असं कधी वाटलं नव्हतं. ते तीस उंदीर आठवले आणि तुमच्यासमोरच रडू आलं. तुम्ही काही न बोलता बशी विसळायला गेलात.

आषाढात मी आजीच्या बांधावरून स्वतः झाडं उपटून आणली, पाच पाकळ्यांची. तुम्ही ती कागदावर शिवलीत, चिठ्ठी काढलीत आणि विचारलंत, "संग्राहक कोण?" मी सवयीने सरांचं नाव सांगितलं. पेन थांबलं. माझ्या चपलांकडे बघून म्हणालात, "चिखल तर तुझ्या पायाला दिसतोय." आणि माझं नाव लिहिलंत. शुद्धलेखनाची चूक नको म्हणून दोनदा विचारून.

काका, दोन वर्षांत कॉलेजातल्या एकाही कागदावर माझं नाव कुणी असं विचारून लिहिलं नव्हतं.

उंदरांवर पुन्हा प्रयोग करायची परवानगी मिळवण्याचं रामायण सांगत नाही. दुसऱ्या खेपेला एसजीपीटीचे आकडे उतरले. सिलिमारिनइतके नाही, पण उतरले. पहिली खेप झाड चुकल्यामुळेच फसली असं छातीठोकपणे म्हणत नाही. तो पाला किती जुना होता देव जाणे. आणि उंदराचं यकृत सावरलं म्हणजे माणसाची कावीळ बरी होते असंही नाही. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या उंदरांना ताक दिलंत का?"

गुरुवारी येते. तुम्हाला साखर आहे म्हणून पेढे नाहीत, घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणते. ओढ्याकाठच्या भुईआवळीची एक जुडीही आणणार आहे. पाकळ्या मी मोजल्यात, तरी तुम्ही एकदा मोजा.

तुमची,
चिखलाच्या चपलावाली